वगळलेला चौथा प्रश्न

शुक्रवार, संध्याकाळ. बेलवली.

आज उल्हासनगरला, कॉलेजात, आमच्या बी.एड.च्या विज्ञान प्रकल्पांचं सादरीकरण झालं. निधी देणारे पहिल्या रांगेत बसले होते. टाळ्या पडल्या, मग वर्गातल्या सगळ्या फोटोला धावल्या. मी एकटीच तक्ता गुंडाळत राहिले. आता रूमवरही कुणी नाही, म्हणून इथे लिहिते.

माझ्या तक्त्यावर चौथा प्रश्न नव्हताच.

वांगणीच्या शाळेत मुलांनी वाल पेरले होते. एक डबा खिडकीत, एक बंद कपाटात. कपाटातलं रोप जास्त उंच झालं. पिवळं, लुकडं, पण उंच. त्यामुळे प्रयोगानंतरच्या चाचणीत ‘रोपाला नीट वाढायला उजेड लागतो का?’ या चौथ्या प्रश्नाला बहुतेकांनी ‘नाही’ लिहिलं. गुण प्रयोगाआधीच्या चाचणीपेक्षा खाली आले. मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "अगं, असा प्रश्न काढून टाकायचा. सगळेच काढतात." काढला मी.

पण सहावीतली सानिका... तिने हो-नाही काहीच न लिहिता लिहिलं होतं, ‘ते उजेड शोधायला उंच झालं.’ उत्तरसूचीत हे नव्हतं, म्हणून शून्य दिलं. तिला साधं विचारलंही नाही, हे तुला कसं सुचलं गं?

शाळेतल्या माझ्या शेवटच्या दिवशी ती म्हणाली होती, "ताई, आमचा निकाल सांगायला येणार ना?" येते म्हणाले.

शाळेतून आणलेलं ते लुकडं रोप माझ्या खिडकीत आहे, काचेकडे पार वाकलंय. आज अख्ख्या सभागृहाला निकाल सांगून आले. सानिकाचं बरोबर उत्तर फक्त मला ठाऊक आहे, आणि त्यावर माझ्याच हातचं लाल शून्य आहे.