जरा काळपट दात द्या

नाशिक, ९ डिसेंबर

प्रिय नवसाअक्का,
सप्रेम जय भीम.

इकडे सगळे मजेत. कळवणला थंडी जास्त असेल, कानाला बांधत जा. फोनच केला असता, पण तुझ्याकडे फोन म्हणजे स्पीकर, आणि सुनेपासून शेजारणीपर्यंत सगळ्या ऐकणार. म्हणून चिठ्ठी.

बातमी अशी, की तुझ्या धाकट्या बहिणीला तोंडभर दात आले. कवळी बसवली. काल भाकरी कोरडी खाल्ली, दुधात न कुस्करता.

त्याआधी दवाखान्यात तमाशाच झाला. डॉक्टर मनालीताईंनी दातांचे रंग दाखवले, सगळे पांढरेफेक. मी म्हटलं, "बाई, यात जरा काळपट नाय का?" राकेशने कपाळाला हात लावला. पण तूच सांग, आईने हातात मिश्रीची डबी दिली तेव्हापासून आपले दात काळेच. पांढऱ्या दातांची चांगुणा पोरांनी ओळखायची कशी? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, लोक पांढरे करून मागतात हो!" आणि हसत सुटल्या. शेवटी पिवळसर निवडले. मी आरशापुढून हलत नाही. राकेश म्हणतो, "आई, आता फोटो काढून फ्रेमच करू."

आता खरं लिहिते. तुला मी हिरड्या दुखतात एवढंच सांगत होते. मिश्री लावायची त्या गालात आतून पांढरा चट्टा आला होता. तिखट लागलं की आग व्हायची. डॉक्टरीणबाईंनी आधी तिथला तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्ट येईपर्यंत घास गोड लागला नाही, वरून मात्र हसत होते. कॅन्सर नाही निघाला. मिश्री तेवढी कायमची बंद. सुरुवातीला घरात प्रत्येकावर खेकसले. आता सुटली.

अक्का, दिवाळीनंतर आपल्या साक्षीच्या लग्नात तू रस्सा बाजूला सारलास आणि वरणभात कालवलास. "पित्त झालंय गं," म्हणालीस. तुला पित्त? ठेच्याशिवाय घास न गिळणारी तू! लाडूसुद्धा चुरून खाल्लास, तोंड पुरतं उघडतच नव्हतं. मी बघत होते. घाबरले आहे, म्हणून लिहिते आहे.

गुरुवारी तुझा नंबर लावला आहे. राकेश सकाळी गाडी घेऊन येईल. घरी सांग, चांगुणाचे नवे दात बघायला चालले. ते काही खोटं नाही. तू खुर्चीत बसलीस की मी शेजारी हात धरून उभी राहीन. काही निघालंच, तर लवकर निघालेलं बरं. दोघी मिळून निस्तरू. नाही निघालं, तर तुलाही कवळी करू आणि घरी येऊन झणझणीत मटण खाऊ.

चौघी बहिणींतल्या आता आपण दोघीच उरलो, अक्का. मला एकटीला म्हातारी व्हायचं नाही.

गुरुवारी दारातच उभी असणारी,
तुझी चांगुणा