ट, आणि त्याच्या खालचा डाग

तीर्थस्वरूप मामांना,

भाच्याचा उभ्याउभ्याच नमस्कार. (कंबर धरली आहे, वाकता येत नाही. का धरली ते पुढे येईलच. राहिलेला साष्टांग भेटीत घालीन.) तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींनी तुम्हाला शिडीवर चढायची बंदी घातल्याचं आईकडून कळलं. ती तुम्ही पाळत नसणार याची मला खात्री आहे, तेव्हा निदान पाटी रंगवताना खाली शिडी धरायला कुणाला तरी उभं करत जा. इकडे सगळे खुशाल. बाबा दिवसभर पेपर वाचतात आणि आई बाबांचा चेहरा वाचते.

आता मुद्द्यावर येतो. मामा, तुम्ही नमुना म्हणून मला 'ट'चं जे एक कार्ड रंगवून दिलंत, त्यानं माझी नोकरी जवळजवळ खाल्ली होती. राग मानू नका. अक्षर देखणंच आहे. लाल, टपोरं, बघत राहावं असं. पण त्याच्या खाली, उजव्या कोपऱ्यात, चहाच्या कपाच्या बुडाचं तपकिरी वर्तुळ उमटलंय, आणि तेसुद्धा एका जागी तुटलेलं. ब्रश एका हातात आणि कप दुसऱ्या हातात ही तुमची सवय सगळ्या खानदानाला ठाऊक आहे. कार्ड घेताना माझं लक्ष गेलं नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात काढलं तेव्हा दिसलं, पण धर्माच्या गाईचे दात कोण मोजणार, म्हणून गप्प बसलो. ते गप्प बसणं महागात पडलं.

पंख्यांचं दुकान सोडून मी बालवर्गावर लागलो तो सहा महिन्यांच्या बोलीवर. सहावा महिना सरताना तपासणीसबाई येणार, चार-चार वर्षांच्या या मुलांना एक अक्षर आणि त्याचा आवाज ओळखता येतो का ते बघणार. आलं तर मी कायम, नाहीतर पुन्हा पंखे. (दुकानाच्या मालकांनी माझं स्टूल अजून कुणाला दिलेलं नाही. त्यांचा माझ्यावर फार विश्वास.) वर्गात बावीस मुलं. शाळेत बाकी सगळ्या बाईच असल्यामुळे ती मला 'सरबाई' म्हणतात. मी कार्ड वर केलं की बावीस गळ्यांतून असा 'ट' निघायचा की शेजारच्या वर्गातल्या बाई दार लावून घ्यायच्या. रोज सकाळी हा जयजयकार ऐकून मी मनातल्या मनात केव्हाच कायम झालो होतो.

सोमवारी तपासणीसबाई आल्या. चेहऱ्यावर हसू शोधायला गेलो असतो तर हात हलवत परत आलो असतो. मी कार्ड वर केलं, मुलांनी छप्पर उडवलं, बाईंनी मान डोलावली. इतक्यात आमच्या मदतनीस मावशींनी त्यांना चहा आणून दिला. बाईंनी एक घोट घेऊन कप मांडीवरच्या फायलीतल्या कोऱ्या कागदावर ठेवला आणि दुसऱ्या घोटासाठी उचलला. कागदावर उमटलं वर्तुळ. ते पाहून पुढची रांग बोट करून ओरडली, ट! मग मागची रांग ओरडली. (एका पठ्ठ्यानं तर हा ट तुटलेला नाही, नवा आहे, असंही बाईंना समजावून सांगितलं.) बाईंनी कप ठेवला, फळ्याजवळ गेल्या आणि हातभर मोठा ट काढला. हा कोण, म्हणून विचारलं. वर्गात चिडीचूप. एवढी शांतता मी सहा महिने मागत होतो हो, पण ती नेमकी तेव्हा मिळावी?

बाई एवढंच म्हणाल्या, की मुलं शिकली आहेत, पण तुम्ही शिकवलंत ते नाही. गुरुवारी पुन्हा येते म्हणाल्या आणि गेल्या.

मग तीन दिवस मी जिवाचं रान केलं. मैदानावर खडूनं खोलीएवढा ट काढला आणि बावीस पोरांना त्यावरून रांगवलं. आधी वरची आडवी दांडी, मग छोटी उतरण, मग ते उजवीकडे उघडं असलेलं गोल पोट. पुढे मी. (कंबर तिथे गेली.) मग आवाज. जीभ टाळूला कशी टेकते ते एकमेकांच्या तोंडात डोकावून बघायचं. सगळ्यांत छोटीच्या तोंडात मी बोट घातलं आणि ती चावली, चांगली कडकडून. घरी न्हाणीघरात मी स्वतः ट-ट-टचा सराव करत होतो, तर बाबांनी बाहेरून विचारलं, दात दुखतोय का. मी हो म्हटलं. (घरी मी शाळेच्या ऑफिसात कारकून आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. पंख्यांच्या दुकानात बाबांनी माझ्यासाठी शब्द टाकला होता. ते सोडून पोरांची नाकं पुसतो हे कोणत्या तोंडानं सांगू?) बुधवारी सगळी वरात रस्त्यावर काढली. दुकानांच्या पाट्यांवर ट शोधायचा. तुमच्या हातची एकही पाटी नसावी, कारण सगळ्या ट-ची पोटं खपाटीला गेलेली. पण पोरांनी ते उपाशी ट-सुद्धा हुडकून काढले.

गुरुवारी बाई आल्या, बसल्या आणि आपणहून चहा मागितला. पिशवीतून एक कोरं कार्ड काढलं, त्यावर कप टेकवला, उचलला, आणि ते वर्तुळ मुलांपुढे धरलं. मला समोर मुलांची तोंडं उघडताना दिसत होती. मी डोळे मिटणार, तोच ती माझं बोट चावणारी उठली. कार्डाजवळ गेली. नाक लावून वास घेतला.

"हा चहा आहे," ती म्हणाली. मग बाईंच्या फायलीवर वाकली. वर बारीक छापलं होतं 'भेट अहवाल'. तिनं 'भेट'च्या शेवटी बोट ठेवलं. "ट इथे आहे."

झालं! उरलेले एकवीस जण तो ट बघायला फायलीवर तुटून पडले. बाई हसल्या, मामा. त्यांना दात आहेत. त्याच चुरगळलेल्या कागदावर त्यांनी माझी नोकरी कायम केली आणि मी वर्गासमोर ढसाढसा रडलो. सहा महिने मी त्यांची नाकं पुसली, गुरुवारी त्यांनी माझं पुसलं. आता जीव भांड्यात पडला आहे. तेवढं ते चहाचं मनावर घ्या.

मामींना नमस्कार सांगा.

तुमचा, आता कायमचा सरबाई झालेला,
भाचा

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण वेगळंच आहे. रविवारी घरी या आणि मी काय काम करतो ते बाबांना तुम्ही सांगा. मेहुण्याचं ऐकणारा माणूस विरळा, पण बाबा तुमचं ऐकतात. त्यांच्यापुढे माझी जीभ टाळूला चिकटते, आणि ट-साठी नव्हे.

ता. क. दुसरा. येऊ नका. म्हणजे या, पण त्यासाठी नको. पुरावा म्हणून डाग तुम्हाला पाठवावा म्हणून कार्ड काढलं, आणि सहज घरातले कप त्यावर ठेवून पाहिले. माझा बसेना, आईचा बसेना. तुमच्याकडचे कप तर याच्या निम्मे. बसला तो बाबांचा मोठा मग. त्याच्या बुडाचा टवका उडालाय, ती जागासुद्धा बरोबर जुळली. त्या मगाला घरात दुसरं कुणी हात लावत नाही. आणि तुमच्याकडून आणलं त्या संध्याकाळीच ते कार्ड मी माझ्या कपाटात शर्टांखाली दडवलं होतं. तुमच्यावरचा चहाचा आळ मागे घेतो, क्षमा असावी.

तो मग आणि कार्ड घेऊन मी बाबांसमोर जाऊन उभा राहिलो. त्यांनी तोंडापुढचा पेपर काही खाली केला नाही. म्हणाले, "तुझ्या मामानं ट झकास काढलाय. बाकीची अक्षरं कधी देतोय, विचार त्याला."

तर मामा, विचारतो आहे.