तापीकाठ मंडळीची पेटी, राहतं घर आणि ताईचं गाणं

मी, दिगंबर चुडामण महाजन, निवृत्त शिक्षक, राहणार शिकारपुरा, बऱ्हाणपूर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. कोणाचा दबाव नाही. दबाव टाकण्याइतका वेळ या घरात आहे कोणाला?

१. राहतं घर मुलगा मयूर यास. त्याच्यावर माझा राग आहे, पण दुसऱ्या कोणाला देणार?

२. माझी पेटी ढोलकीवाले दगा यांस. पुतणीच्या हळदीला डीजेचा जनरेटर बंद पडला, तेव्हा मी हीच पेटी काढली, दगाने ढोलकी घेतली आणि माझ्या विधवा बहिणीने, मथुराबाईने, आवाज लावला. बिगरमाइकची 'तापीकाठ मंडळी' अशी उभी राहिली. बहादरपूर, डोईफोडिया, बोलावलं तिथे गेलो. ताईला इतकं हसताना मी लहानपणानंतर पाहिलं नव्हतं.

३. देडतलाई गावच्या कार्यक्रमातला प्रकार लिहून ठेवतो, म्हणजे मागून ताईला कोणी बोल लावू नये. गाणी संपली, लोक उठेनात. मयूर समोरून म्हणाला, "आत्या, वो कानबाईच्या बिदाईवालं म्हण ना, मस्त होईल." ते गाणं श्रावणात घरी बसवलेल्या कानबाई देवीला डोक्यावर घेऊन तापीवर विसर्जनाला पोचवतानाच म्हणायचं असतं. आईकडून ते एकट्या ताईलाच आलेलं. भरात ती म्हणून गेली. टाळ्या पडल्या.

पुढच्या श्रावणात घरी कानबाई बसली, निघायची वेळ झाली, आणि ताईचं तोंड उघडेना. "तिले तठीच, देडतलाईले, वाटे लावलं आपुन. आता कोन्त्या तोंडानं निरोप देऊ?" तेव्हापासून ती कुठलंच गाणं म्हणत नाही. मंडळी मोडली. मी पाया पडलो, भांडलो, दगानेही समजावलं. गाणं तिच्याबरोबर जाणार आणि मी नुसता बघत बसलोय. माझं काही चालत नाही.

४. बँकेतली ठेव नात सायली हिच्या शिक्षणासाठी. मयूरने हात लावू नये.

५. मागची खोली ताई असेपर्यंत ताईची. तिच्याकडे गाणं कोणी मागायचं नाही. मयूर, तू तर नाहीच. भाकरी थापताना ती आपसूक गुणगुणली, तर सायलीने गुपचूप जवळ जाऊन बसावं.

ठिकाण: बऱ्हाणपूर. दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५.

सही: दिगंबर चुडामण महाजन

साक्षीदार: १) निरंजन लोटू चौधरी, शेजारी. २) वैजयंती निंबा पाटील, शाळेतील सहकारी.

खोडीची नोंद: सर्वांसमोर वाचून दाखवताना ताईने "तेबी नको" म्हणत कलम ५ मधलं सायलीचं वाक्य खोडायला लावलं. खोडलं आहे. दि. चु. म.