तुझ्या शेताला पाणी घालणारी माणसं

आई, मागच्या महिन्यात मी तुझं गेमचं मशीन कपाटावरून खाली काढलं. तू गेल्यावर चादरीत गुंडाळून ठेवलं होतं, ते इतक्या वर्षांत कधी सोडलं नव्हतं. रविवारची दुपार होती, जेवणं उरकली होती. ओल्या फडक्यानं पुसलं, टीव्हीला जोडलं, आणि चालू होईल अशी काही आशा न धरता बटण दाबलं. कारण सरळ होतं. हे मशीन बनवणाऱ्या आमच्या कंपनीनं ठरवत आणलं होतं की या जुन्या मशीनची ऑनलाइन सेवा बंद करायची. ती बंद झाली की लोक मुकाट्यानं नवं मशीन घेतील, जुन्यावरचा खर्च वाचेल, आणि तिमाहीचा नफा एकदम वर दिसेल. सेवा बंद म्हणजे खेळातलं तुझं शेतही पुसलं जाणार. म्हटलं, त्याआधी एकदा पाहून घ्यावं.

हे मशीन मी घरी आणलं तो दिवस मला लख्ख आठवतो. तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, काचीगुड्याच्या घराचा जिना उतरायला डॉक्टरांनी मनाई केलेली. दिवसभर खिडकीशी बसून स्टेशनाकडे जाणाऱ्या रिक्षा बघायचीस आणि संध्याकाळी माझ्यावर चिडायचीस. मी खोका उघडला तेव्हा म्हणालीस, "हे काय नवीन लचांड? मी काय लहान पोर आहे?" मी तुला तो शेतीचा खेळ 'आजी' या नावानं लावून दिला आणि चहा टाकायला आत गेले. बाहेर आले तर तू पुढे सरकून बसलेली. "अगं, हा पडद्यावरचा बाबा इतकं दाट पेरतोय! वाढणार कसं?" आजोबांची जमीन सुटल्यापासून तुझ्या तोंडून पेरणीचा शब्द मी ऐकला नव्हता. त्या खेळात ज्वारी नव्हती. जे पीक जरा उंच वाढायचं त्यालाच तू ज्वारी म्हणायला लागलीस.

खेळातल्या त्या गावात जगभरातली माणसं यायची. तुला त्यांची भाषा येत नव्हती, त्यांना तुझी नाही. खेळात वाकून नमस्कार करायचं एक बटण होतं, ते तू पार झिजवलंस. गावात नवीन कोणी आलं की त्याच्या फाटकाशी बियाण्याची पिशवी ठेवून यायचीस. "रिकाम्या हातानं आलेल्या माणसाला काय सुचणार गं?" मी एकदा हसले. म्हटलं, "आई, ती काय खरी माणसं आहेत?" तू टीव्हीवरची नजर काढून माझ्याकडे पाहिलंस. "बटण दाबणारा हात खरा आहे ना? मग झालं. जा, कुकर लाव."

तर मशीन चालू झालं. कुरकुरलं, पण चालू झालं. त्या खेळाचा नियम तुला ठाऊकच आहे, पाणी घातलं नाही की पीक वाळतं आणि शेत माळरान होतं. मी माळरान बघायच्या तयारीनं बसले होते. पडदा उजळला आणि समोर हिरवंगार. बांधापासून बांधापर्यंत तुझी ती उंच ज्वारी उभी, वाऱ्यानं डुलतेय. मला वाटलं, दुसऱ्याच कुणाचं उघडलं. मग फाटकाजवळची पाटी दिसली. कोणीतरी इंग्रजीत लिहिलं होतं, 'आजी बाहेरगावी आहेत. शेताला पाणी घालत जा.' त्याखाली निरनिराळ्या लिप्यांमधल्या ओळी, काही मला वाचताही येईनात. मी बघत असतानाच एक अनोळखी बाई हातात झारी घेऊन फाटकातून आत आली, एका कडेनं पाणी घालत गेली. मला पाहून थबकली. मग वाकून नमस्कार केला. मला ते नमस्काराचं बटणच सापडेना. आई, ज्यांना आम्ही कागदावर 'तोट्यातले ग्राहक' म्हणतो, तीच ही माणसं. तू ज्यांना बियाणं दिलंस ती गेली असतील, नवी आली असतील, पण इतकी वर्षं एकानं दुसऱ्याला सांगून त्यांनी तुझं शेत जगवलं. केवढं हे! देवळात गेल्यावर हात आपोआप जोडले जातात ना, तसे माझे जोडले गेले.

ऑफिसात बैठक झाली. आमच्या मॅडम पुण्याच्या, हुशार, कामाला वाघ. आकडे त्यांच्या बाजूनं होते. त्या म्हणाल्या, "अगं, मशीनची किंमत वाढवली तेव्हा कुणी सोडून गेलं का? तक्रारीसुद्धा कमी झाल्यात." तेव्हा मला बेगम बाजार आठवला. तुझं ते नेहमीचं मिरचीचं दुकान. एका वर्षी त्यानं जुना माल नव्यात मिसळून दिला. तू भांडली नाहीस. पुढच्या खेपेला त्याच्या दारावरून आपण जात होतो, तो हाक मारत होता, "क्या अम्मा, भोत दिनां से नै आए?" तू हसून मान हलवलीस आणि शेजारच्या दुकानात शिरलीस. मला म्हणालीस, "भांडणारं गिऱ्हाईक परत येतं. गप्प बसलेलं येत नाही." हे मी बैठकीत जसंच्या तसं सांगितलं. मग म्हटलं, "काचीगुड्यात आपल्या एक ग्राहक आहेत," आणि ते शेत सगळ्यांना पडद्यावर दाखवलं. पाटी मॅडमनी दोनदा वाचली.

सेवा तूर्त चालू ठेवायची, असं वरून कळलंय. पुढच्या वर्षी पुन्हा विचार होणार आहे. नफ्याची घाई असलेली माणसं पुन्हा तेच मांडतील, आणि कदाचित तेव्हा ऐकणारं कोणी नसेल. पण सध्या तरी शेत आहे.

एक गोष्ट मात्र बैठकीत मी बोलले नाही. ग्राहक म्हणजे माझी आई हे सांगितलं नाही, आणि तू नाहीस हेही नाही. निघताना मॅडम लिफ्टपाशी थांबल्या. "काकूंना एकदा भेटायचंय मला. येतील का गं त्या ऑफिसात? की मी घरी येऊ?" मी म्हटलं, "विचारून सांगते."