तांबीच्या भाकरीची तजवीज

मी, रवळू भरमू सांबरेकर, वीज मंडळातून निवृत्त झालेला मीटर रीडर, राहणार हिंडलगा, तालुका बेळगाव, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणाच्या सांगण्यावरून किंवा धाकाने लिहीत नाही. माझी छाती दुबळी झाली आहे, डोके ठिकाणावर आहे. दवाखान्याचा तसा दाखला सोबत जोडला आहे. मला मूलबाळ नाही. पत्नी अंबुबाई चार वर्षांपूर्वी वारली. माझ्या मागे पुढीलप्रमाणे व्यवस्था व्हावी.

एक. वडिलोपार्जित शेतातील माझा हिस्सा पुतण्या शामू याला द्यावा. तो शेत मन लावून करतो. त्याच्याबद्दल एक गोष्ट पुढे लिहिली आहे, पण तिचा राग मी जमिनीवर काढत नाही. सायकल आणि बॅटरीही त्यालाच.

दोन. निपाणीत आणि संकेश्वरात घरोघरी मीटर वाचताना मी जी काठी बाळगत होतो, ती कोणालाही देऊ नये. बंबात घालावी. मला कुत्र्यांनी पुष्कळदा फोडले आहे, पोटात इंजेक्शने घ्यावी लागली आहेत. म्हणून अंबुबाईने संकेश्वरच्या बसस्टँडवरून पिशवीत घालून कुत्रीचे पिल्लू आणले, तेव्हा मी तिच्याशी बरेच दिवस बोललो नाही. ती एवढेच म्हणाली, "तुम्ही सदा फिरतीवर. घरात हुं म्हणायला कुणीतरी पायजे की." तीच ही तांबी.

तीन. अंबुबाईचे डोरले आणि पाटल्या तिची बहीण गुणाबाई, राहणार सदलगा, हिला द्याव्यात. लुगडी गरजू बायकांना वाटावीत. हिरवे लुगडे तांबीच्या अंगाखाली आहे, ते तिथेच राहू द्यावे. धुऊ नये.

चार. मुके जनावर वारस होऊ शकत नाही, असे वकिलांनी सांगितले. ते बरोबरच आहे. पण तांबीची हकीकत इथे लिहिली नाही, तर तिला सांभाळणाऱ्याला काही कळणार नाही.

अंबुबाई गेल्यावर तांबीला घरात एकटे राहवेना. कडी वाजली की ती थरथरायची, तिथेच मुतायची. मी बाहेर पडलो की हिरड्यांतून रक्त येईपर्यंत दार कुरतडायची. पुढचा पाय चाटून चाटून तिने सोलला. कोणी जवळ गेले तर अंगावर यायची. लोकांनी सांगितले, बांधून घाला, उपाशी ठेवा, मिरचीची धुरी द्या. बांधून मी पाहिले. त्याने ते वाढलेच.

शेवटी तिला बेळगावला जनावरांचे डॉक्टर हुक्केरी यांच्याकडे नेले. त्यांनी मला बाहेर उभे केले आणि आतून तिच्याकडे बघत राहिले. मग मला बोलावून म्हणाले, "ही रागानं चावत न्हाय. भीतीनं चावते." त्यांनी भीती कमी करणारी गोळी लिहून दिली, सकाळ-संध्याकाळ. शिवाय रोज थोडा वेळ बाहेर जायचे, ती रडायच्या आत परत यायचे, आल्यावर लाड नाहीत आणि मार नाही. मी विचारले, गोळी आहे तर हे सगळे कशाला? ते म्हणाले, "गोळीनं कुत्रं शहाणं होत न्हाय. भीती जरा खाली बसती, मग शिकवलेलं डोक्यात शिरतं." निघताना त्यांनी मला विचारले, तुम्हाला झोप लागते का? मी म्हटले, मी कुत्रीला दाखवायला आलो आहे.

औषधाच्या दुकानात चिठ्ठीवर 'तांबी सांबरेकर' असे वाचून दुकानदार म्हणाला, "ह्या तुमच्या कोण?" मी म्हटले, बायकोची आहे. त्याने गोळ्या मोजून पुडीत बांधून दिल्या.

पावसाळा सरता सरता मी बाजार करून घरी येऊ लागलो आणि ती लुगड्यावर पडून राहू लागली. गोळी मी भाकरीच्या तुकड्यात, थोडे दूध लावून देतो. नुसती दिली तर थुंकते.

पाच. गेल्या वर्षी मला छातीसाठी दवाखान्यात ठेवले, तेव्हा गुणाबाई माझ्या घरी येऊन राहिली. गोळ्या कुठे आहेत आणि कशा द्यायच्या, ते मी तिला समजावले होते. तरी एका मंगळवारी तांबी दूध घेऊन आलेल्या शेजारी आण्णाप्पाच्या हाताला चावली. पुढच्या मंगळवारी तिने पुन्हा दार फाडले. गल्लीत बोलणे सुरू झाले की मंगळवार देवीचा वार, कुत्रीच्या अंगात येते. हाताला पट्टी बांधलेला आण्णाप्पाच लिंबू उतरायला निघाला होता. शामू दवाखान्यात येऊन माझ्या खाटेशेजारी बसला आणि म्हणाला, "काका, तिला एकदमच मूठभर गोळ्या घाला की. तीबी सुटंल, आमीबी सुटू." हे मी विसरलेलो नाही. म्हणून तांबी त्याला नाही.

मी गुणाबाईला बोलावून विचारले, सोमवारी घरात काय होते?

"सोमवारी माझी चूल पेटत न्हाय, दाजी. उपास."

"आणि तांबीचं?"

"घरातलं माणूस उपाशी, आणि तिनं खावं व्हय? तिचाबी उपास."

भाकरी नाही म्हणून गोळी नाही. तिचा अंमल उतरला की मंगळवारी सकाळी भीती परत हजर. डॉक्टरांनीही तेच सांगितले, आणि ही गोळी अशी मध्येच बंद करणे वाईट, हेही सांगितले. गुणाबाईने पदर डोळ्यांना लावला. म्हणाली, "मी तिला पुण्य लागावं म्हणून केलं."

सहा. हिंडलग्याचे राहते घर गुणाबाईला द्यावे. वकिलांनी सुचवलेली अट मी इथे लिहिली होती की, तांबी जिवंत असेपर्यंत तिला नियमाने औषध दिले तरच घर मिळेल. गुणाबाई सध्या इथेच राहायला आहे, तिला मी ती अट वाचून दाखवली. तिने कागद हातात घेऊन पाहिला. मग म्हणाली, "सोमवारी चूल पेटवीन, तिच्यापुरती. महादेवाला काय सांगायचं ते मी बघते. पर हे कागदावर कशाला?"

अट मी खोडली आहे. खाडाखोडीवर माझी सही आहे. तांबी माझ्या आधी गेली तरी घर गुणाबाईचेच.

सात. तांबी बरी दिसते म्हणून गोळी कमी-जास्त किंवा बंद करू नये. डॉक्टर हुक्केरींना विचारावे. मला बाहेर काढताना दाराची कडी वाजवू नये.

आठ. अंबुबाई गेली त्या दिवशी रीतीप्रमाणे घरात चूल पेटली नाही, आणि तांबीकडे कोणी पाहिले नाही. माझ्या दिवशीही पेटणार नाही, आणि रीत मोडा असे मी म्हणत नाही. त्या दिवशीची भाकरी आण्णाप्पाच्या घरून यावी. त्याला विचारले आहे. तो म्हणाला, "व्हय, देतो की. पर घास गुणाक्कानं भरवायचा, माझा हात एकदा देऊन झालाय."

माणसांना जेवायला उशीर झाला तरी चालेल. गोळी वेळेवर द्यावी.

हे सर्व मी वाचून, समजून, खालील साक्षीदारांच्या समोर सही केली आहे.

रवळू भरमू सांबरेकर (सही)

साक्षीदार:
१. डॉ. हुक्केरी, बेळगाव. (माझ्या डोक्याचा दाखला यांचा चालत नाही, सही चालते, असे वकील म्हणाले.)
२. आण्णाप्पा चौगुले, शेजारी, हिंडलगा. (सही उजव्या हाताची. चावलेला हात तोच, आता बरा आहे.)

स्थळ: हिंडलगा
सोमवार, ता. ११ फेब्रुवारी १९८५. चूल पेटली आहे.