पाटल्या मोडून आणलेला कॉम्प्युटर

३ ऑक्टोबर १९९५, दसरा, सांगली
पाहिली एकदाची शरयूची मिजास! माझी धाकटी जाऊ, पण थाट थोरलीचा. विश्रामबागेतल्या घरात कॉम्प्युटर आलाय. त्याला वेगळं टेबल, झालरीचं कव्हर, खोलीबाहेर चपला काढायच्या – आम्ही देवघरातही इतकं सोवळं पाळत नाही. आज त्याची पूजा. झेंडू वाहिला आणि कुंकवाच्या अक्षता अशा भिरकावल्या, की चार-पाच थेट फ्लॉपी घालायच्या फटीत! अवधूतभाऊजी ओरडले, "अगं, आत गेल्या!" तर ही म्हणते, "जाऊ देत हो, शुभच आहे."
सगळ्या बायका तिच्याभोवती. माझ्या नव्या साडीकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. जळफळाट झाला. इथे लिहायला काय लाज!

६ ऑक्टोबर, सातारा
ह्यांना म्हटलं, आपणही घेऊ. आपल्या वरदच्या अभ्यासाला होईल. हे नुसते हसले. पण सासरे जन्मपत्रिका करून देतात – त्या म्हणे कॉम्प्युटरवर चुटकीसरशी निघतात!

२९ ऑक्टोबर
शरयूचा फोन. हिला कसं कळलं कोण जाणे! "वहिनी, आमच्या ओळखीचा एक जण आहे. अगदी कोरा देईल, तोही स्वस्तात." तिचे उपकार घ्यायचं जिवावर आलं. पण घेतले.

५ नोव्हेंबर
पाटल्या मोडल्या. आईने लग्नात घातलेल्या. ह्यांनी बोलणंच टाकलंय. मामंजींना म्हटलं, पत्रिकांच्या पैशातून पुन्हा करीन पाटल्या. ते म्हणाले, "सूनबाई, माझ्या ग्रहांवर एवढा भार टाकू नकोस."

११ नोव्हेंबर
आला! टेंपोतून, खोक्याशिवाय. खोकं वाटेत भिजलं म्हणाला तो माणूस. असेल. कव्हर मी आधीच शिवून ठेवलं होतं – झालर शरयूच्यापेक्षा दोन बोटं रुंद!

१९ नोव्हेंबर
पत्रिकेचं सॉफ्टवेअर आणलं. उरलेसुरले पैसे त्यात गेले. फ्लॉपी घातली की आत करकर वाजतं आणि पडद्यावर इंग्रजीतून नकार. दुसरी फ्लॉपी – तेच!

३ डिसेंबर
कुठून ही अवदसा आठवली मला! हिरव्या अक्षरांचा नुसता डबा. वरद त्यावर स्वतःचं नाव लिहितो आणि पुसतो, एवढाच उपयोग. हे जेवताना माझ्या मोकळ्या मनगटांकडे बघतात. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

१६ जानेवारी १९९६
शरयूकडे संक्रांतीचं हळदीकुंकू. तिच्याकडे नवा कॉम्प्युटर – रंगीत! कसंबसं विचारलं, "जुन्याचं काय केलंस गं?"
"दिला एका गरजूला," म्हणाली. आणि गोड हसून माझ्या हातावर तिळगूळ ठेवला. "गोड बोला हं, वहिनी."
एकेकीचं नशीब! परतताना एस.टी.त डोळे पुसत बसले.

२१ जानेवारी
टीव्ही दुरुस्त करणाऱ्या आकारामला बोलावलं. त्याने डबा खोलला, फ्लॉपीच्या फटीत चिमटा घातला आणि हसायलाच लागला. "वैनी, ह्यात तांदूळ हाय की! लाल लाल!"
पाच दाणे. तळहातावर घेऊन बसले आहे.
आमच्या घरी आल्यापासून ह्या कॉम्प्युटरने अजून दसरा पाहिलेला नाही.