विझलेल्या सुराची वाटणी

मी, ऑर्गनवाल्यांची विधवा, वय एक्याऐंशी, हे मृत्युपत्र नातीला सांगून लिहून घेते आहे, कारण मला अक्षर येत नाही. डोकं शाबूत आहे, कान त्याहून शाबूत. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आजवर ते कोणाला जमलेलंही नाही.

एक. राहतं घर मुलीला. स्वयंपाकघरातली खिडकी अडकते, ती खालून बुक्की मारून उघडावी. जावयाने तिला रंधा लावू नये. मागे त्याने दाराला लावला, ते दार अजून लागत नाही.

दोन. शिवणयंत्र आणि बँकेत असेल ते नातीला. ती म्हणते, "आजी, मीच लिहिलं तर लोक संशय घेतील." घेऊ देत. अक्षर नीट काढ.

तीन. ह्यांची ती तबकडी. ह्यांनी रचलेलं ऑर्गनचं संगीत, सहा तुकडे. चाल शोधू नये, सापडणार नाही. कुठे कोपराने पट्ट्या दाबल्यात, कुठे एकच सूर अकरा मिनिटं धरलाय. वेष्टनावर फोटो दोघांचा: हे, आणि वाजवणाऱ्या बाई. बाईंची बोटं लांब, मान त्याहून लांब. "काय हात आहे तिचा!" असं हे माझ्या हातचं जेवताना म्हणायचे.

मी कुठे होते? ऑर्गनच्या मागे. हवा भरणाऱ्या मोटरची घरघर रेकॉर्डिंगमध्ये येते म्हणून ती बंद केली आणि भात्याचा दांडा माझ्या हाती दिला. चार दिवस मी वारा भरला. फळीच्या फटीतून मला दोघांच्या पाठी दिसायच्या.

शेवटच्या तुकड्यात, तो लांब सूर चालू असताना, ह्यांनी बाईंच्या खांद्यावर हात ठेवला. पान उलटायला म्हणे. पान उलटायला खांदा लागत नाही. मी दांडा सोडला.

सूर घसरला, कण्हला, विझला. हे धावत मागे आले, डोळ्यांत पाणी. "भाता उतरला, तरी तिने बोटं उचलली नाहीत! काय हिंमत!" मी म्हटलं, "चामडं फाटलं असेल." दुसऱ्या दिवशी ह्यांनी धडधाकट भात्याला ठिगळ लावलं, आणि तबकडीवर तो तुकडा तसाच विझता ठेवला. त्या विझण्यावर वर्तमानपत्रांनी रकाने भरले, सगळे बाईंच्या नावाने. अजूनही प्रत्येक कार्यक्रमात बाई त्या जागी मोटर बंद करायला लावतात.

मत्सर होता का? होता. आहे. बाई या वयात ताठ चालतात, त्याचाही आहे.

चार. तबकडी बाईंना द्यावी. घरात ठेवली तर मुलगी तो फोटो भिंतीवर लावेल. अट एवढीच, की वरचं कलम त्यांना बसवून, मोठ्याने, शेवटपर्यंत वाचून दाखवावं. नात म्हणते, "आजी, मृत्युपत्रात असं लिहीत नाहीत." लिही. यापुढे तो सूर विझेल तेव्हा बाईंना मीच आठवेन. माझी खरी इस्टेट तेवढीच.

साक्षीदार: डॉक्टरीणबाई (हसल्या), खालच्या मजल्यावरचा शिंपी (हसला नाही, त्याची बायको समोर होती).

ठिकाण: माझं स्वयंपाकघर, खिडकी उघडी.
दिनांक: ह्यांच्या वाढदिवसानंतरचा दिवस.
निशाणी: डाव्या हाताचा अंगठा. उजव्याचा, दांडा सोडला त्या हाताचा, वेष्टनावर उमटवला आहे, बरोबर दोघांच्या मधे.